सोऱ्याची चकती, आतलं पीठ आणि पश्मिना

गेल्या डिसेंबरात आमच्या अण्णांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, पंचाहत्तरीचा सत्कार झाला. ठाण्याच्या नौपाड्यातलं छोटंसं सभागृह, शाल-श्रीफळ, चार भाषणं आणि बटाटेवडा. शालीच्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत 'प्युअर पश्मिना' छापलेलं होतं. अण्णा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये पस्तीस वर्षं फिटर होते, त्यामुळे छापलेल्या गोष्टीवर त्यांचा सहसा विश्वास बसत नाही. घरी आल्या आल्या त्यांनी झालरीतला एक दोरा ओढला, चिमट्यात धरला आणि गॅसच्या ज्योतीवर नेला. दोरा नीट जळलाच नाही. आक्रसला, वितळला, टोकाला कडक काळा मणी झाला आणि स्वयंपाकघरात प्लॅस्टिक जळाल्याचा वास सुटला. म्हणजे अ‍ॅक्रिलिक.

"शालजोडीतला मारतात म्हणतात, तो हा," अण्णा म्हणाले आणि शाल घडी करून बाजूला ठेवली.

प्रकरण तिथेच मिटायचं, पण अण्णा वर्तमानपत्रांची कात्रणं जपून ठेवतात. त्यांनी २०२५ सालचं एक कात्रण शोधून काढलं: काश्मीरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी जनुकात नेमका बदल करून कोकरू जन्माला घातलं, देशातलं तसलं पहिलं. ते होतं मांस वाढवण्यासाठी. अण्णांचा प्रश्न सरळ होता. "मेंढीचं होतं, तर पश्मिन्याच्या शेळीचंही करा. भरपूर खायला घाला. इथे येऊरला पाळा. मग लोकांना खोटी शाल द्यायची वेळच येणार नाही."

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे उत्तर देणं भागच होतं. (येऊरला बिबटे आहेत हा मुद्दा मी सोडून दिला.) अण्णांच्या एका वाक्यात तीन गृहीतकं आहेत: जनुक बदललं की झालं, खाणं वाढवलं की लोकर वाढते, आणि जागेने काही फरक पडत नाही. तिन्ही थोडी थोडी बरोबर आहेत आणि तिन्ही बरीचशी चूक आहेत. ते नीट कळलं, तर पश्मिना महाग का असतो हेही कळतं.

एका अंगावर दोन तऱ्हांचे केस

माझी नणंद दोन वर्षांपूर्वी लडाखला गेली होती. तिथून तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत मूठभर कच्चं पश्म आणलं होतं, शेळीच्या अंगावरून विंचरून काढलेलं, जसंच्या तसं. आम्ही ते काळ्या कापडावर पसरलं. दिसायला अगदी झाडलोट केल्यावर पलंगाखालून निघतं तसं. धूळ, कोंडा, काड्या, आणि त्यात स्पष्ट दोन प्रकारचे केस. एक लांब, सरळ, राठ, ब्रशच्या दातासारखे. दुसरे इतके बारीक की एकेकटा दिसतच नाही, फक्त धुक्यासारखा पुंजका दिसतो.

राठ केस हे शेळीचं रेनकोट. बर्फ आणि वारा अडवायचा, पाणी ओघळू द्यायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांच्या आत पोकळ गाभा असतो. त्यांच्याखाली जी मऊ लव असते ती शेळीची गोधडी. तीच पश्म, फारसीत या शब्दाचा अर्थच लोकर. युरोपियनांनी 'काश्मीर'चं स्पेलिंग आपल्या सोयीने करून 'कॅशमियर' हा शब्द रूढ केला. म्हणजे पश्मिना आणि कॅशमियर हे मुळात एकाच गोष्टीचं नाव. बाजारात मात्र पश्मिना हा त्यातला सर्वांत बारीक आणि हाताने कातलेला प्रकार मानतात.

दोन्ही केस कातडीतल्या वेगवेगळ्या मुळांतून येतात. राठ केसांच्या मुळांना मुख्य मुळं म्हणतात आणि लवेच्या मुळांना दुय्यम मुळं. नावात दुय्यम असली तरी संख्येने तीच कितीतरी जास्त. एका मुख्य मुळाभोवती दुय्यम मुळांचा घोळका असतो, आणि हा घोळका जितका दाट तितकी लव दाट. पुढचं सगळं या दुय्यम मुळांबद्दल आहे.

मायक्रॉनचा हिशेब, अण्णांच्या पद्धतीने

लोकरीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. मी हे सांगेपर्यंत अण्णांनी कपाटातून आपलं जुनं मायक्रोमीटर काढलं होतं, तेल लावून मलमलीत गुंडाळलेलं. आधी त्यांनी माझ्या डोक्यातला एक केस मोजला: ०.०७ मिलिमीटर, म्हणजे ७० मायक्रॉन. मग कापडावरचा राठ केस घेतला. तोही त्याच घरातला निघाला. शेवटी बऱ्याच खटपटीने लवेचा एक तंतू चिमट्यात पकडला. काटा एका घराच्या आसपास थरथरला. त्या मायक्रोमीटरचं एक घर म्हणजेच १० मायक्रॉन, त्यामुळे त्याच्या पलीकडचं सांगणं त्याच्या आवाक्याबाहेर. "हत्यार संपलं," अण्णा म्हणाले. त्यांच्या तोंडून मी हे पहिल्यांदा ऐकलं.

लडाखच्या चांगथांगी शेळीची लव साधारण १२ ते १५ मायक्रॉन जाडीची असते. अमेरिकेच्या कायद्यात कॅशमियर म्हणून विकायला सरासरी १९ मायक्रॉनपर्यंत मुभा आहे. काश्मिरी पश्मिन्याला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात मर्यादा १६ मायक्रॉनची आहे.

दोन-तीन मायक्रॉनवरून एवढं काय, असं वाटेल. पण तंतू वाकवायला लागणारा जोर जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी दुप्पट झाली की तंतू सोळापट ताठ. साधारण ३० मायक्रॉनच्या वरचा तंतू कातडीवर टेकला की वाकत नाही, टोचतो. घोंगडं अंगाला का चावतं त्याचं उत्तर हेच. दख्खनी मेंढीच्या लोकरीत असे जाड तंतू भरपूर असतात. आणि ते घोंगडं मेंढपाळाला पावसात का तारतं, त्याचंही उत्तर तेच. १४ मायक्रॉनचा तंतू कातडीला लागताच मान टाकतो. आपण त्याला 'मऊ' म्हणतो.

सोऱ्या

आता मुद्द्याचं. केसाचं मूळ कसं काम करतं हे समजायला दिवाळीचा सोऱ्या पुरेसा आहे.

सोऱ्यात बारीक शेवेची चकती बसवली की शेव बारीक येणार, गाठ्यांची बसवली की जाड. पीठ कितीही उत्तम भिजवलंत तरी गाठ्यांच्या चकतीतून बारीक शेव पडत नाही. पीठ कमी असेल तर घाणा छोटा निघतो आणि शेव तुटते. आणि पीठ, चकती सगळं जागेवर असूनही दांडा फिरवणारा हात नसेल तर काहीच बाहेर येत नाही.

शेळीत चकती म्हणजे जनुकं. भोकं किती आणि केवढी, हा आराखडा आईबापांकडून येतो. पीठ म्हणजे खाणं. आणि हात कोण फिरवतं, ते जरा पुढे सांगते, कारण तिथे बहुतेकांचा अंदाज चुकतो.

उपमा एका ठिकाणी ताणावी लागते. शेळीच्या चकतीची भोकं लोखंडाची नाहीत, घट्ट रबराची आहेत. पीठ जोरात रेटलं तर थोडी रुंदावतात, पीठ आटलं तर थोडी आवळतात. पण थोडीच. एकाच कळपात, एकाच कुरणावर चरणाऱ्या शेळ्यांच्या लवेच्या जाडीत जो फरक दिसतो, त्यातला बराच मोठा भाग वंशातून आलेला असतो. म्हणून बारीक लवेचा बोकड निवडला की पुढच्या पिढीत परिणाम दिसतो.

मग शेकडो वर्षं लोक बोकड निवडतायत, तर आतापर्यंत भरपूर आणि बारीक असं दोन्ही देणारी शेळी का तयार झाली नाही? कारण निसर्गाने या दोन गोष्टी एकमेकींना बांधून ठेवल्या आहेत. जास्त लव देणाऱ्या शेळ्यांची लव जाड असण्याकडे कल असतो. वजन बघून बोकड निवडत गेलात तर काही पिढ्यांत कळप जाड लवेचा होतो. चीनमधल्या लिआओनिंग जातीच्या शेळ्यांकडे बघा. त्यांच्यावर वजनासाठी कसून निवड झाली. चांगथांगीच्या कित्येक पट लव त्या देतात, आणि ती लव चांगथांगीहून जाड असते. चांगथांगी शेळी वर्षाला साधारण पाव किलो कच्चं पश्म देते. त्यातले राठ केस आणि घाण काढल्यावर उरतं त्याच्या निम्म्याच्या आसपास, कधी निम्म्याहूनही कमी. एका शालीला दोन-तीन शेळ्यांची वर्षभराची लव लागते, ती यामुळे.

शेळ्यांची किंमत राज्यकर्त्यांना पूर्वीपासून कळत होती. १८४६ च्या अमृतसर तहात इंग्रजांनी जम्मूच्या राजा गुलाबसिंगाला काश्मीर दिलं, तेव्हा दरवर्षी द्यायचा मानाचा नजराणाही लिहून घेतला: एक घोडा, शालीच्या लोकरीच्या जातीच्या १२ शेळ्या, त्यात ६ नर आणि ६ माद्या, आणि काश्मिरी शालींच्या ३ जोड्या. शाल तेव्हा जोडीने द्यायची-घ्यायची वस्तू होती, आणि आपला 'शालजोडी' शब्दही त्याच रिवाजातला. अण्णांना हा तपशील फार आवडला. मला त्यातले नर-माद्या आवडले. नुसत्या शाली मागून भागत नाही, चकतीही हवी, हे इंग्रजांना बरोबर ठाऊक होतं.

'भरपूर खायला घाला ना!'

हा आक्षेप सगळ्यांत स्वाभाविक. गाईला पेंड घातली की दूध वाढतं, मग शेळीला घातली की लोकर का वाढू नये?

लोकर बनते केराटिनची. हे एक प्रथिन, आपली नखं आणि केसही त्याचेच. केराटिनला गंधक असलेले घटक भरपूर लागतात. केस जळल्यावर जो विशिष्ट वास येतो तो या गंधकामुळे. तेव्हा प्रथिनं आणि गंधक पोटात गेलंच पाहिजे, शिवाय चिमूटभर जस्त आणि तांबं. तांबं कमी पडलं तर मेंढीच्या लोकरीचा कुरळेपणा जातो आणि ती तारेसारखी सरळ होते. म्हणजे पीठ नीट भिजलेलं हवं, यात वाद नाही.

पण गरजेपुरतं मिळाल्यानंतर वरचं खाणं जातं कुठे? चरबीत, मांसात, दुधात. लवेत फार थोडं. मोहेर, म्हणजे लांब चमकदार लोकर, देणारी अंगोरा शेळी खाण्याला चटकन प्रतिसाद देते. लव देणारी शेळी तितका देत नाही. आणि लव जी काही वाढते, ती लांबीबरोबर जाडीतही वाढते. खाऊनपिऊन गुटगुटीत शेळीची लव थोडी जाडच होते. पुन्हा वय वाढलं की जाडी वाढते, आणि नराची लव मादीपेक्षा जाड, हे वेगळंच.

याची दुसरी बाजू मला जास्त अस्वस्थ करते. उपाशी शेळीची लव बारीक होते. मेंढ्यांच्या बाबतीत तर भुकेने बारीक झालेली लोकर हा ओळखीचा प्रकार आहे: दुष्काळात तंतू मधेच पातळ होतो आणि सूत कातताना नेमका तिथेच तुटतो. मायक्रोमीटरवर आकडा सुंदर, हातात घेतलं की टिचक्या. म्हणून नुसत्या मायक्रॉनवर भाव ठरवणं हा माझ्या मते अर्धवट हिशेब आहे. लांबी आणि मजबुती विचारलीच नाही, तर बाजार नकळत भुकेला बक्षीस देतो.

आईच्या पोटातला हिवाळा

खाण्याने चकतीच बदलते अशी एक वेळ मात्र आहे. शेळीच्या आयुष्यात ती एकदाच येते.

शेळी पाच महिने गाभण असते. गर्भाच्या कातडीत आधी मुख्य मुळं तयार होतात, दुय्यम मुळं त्यांच्या मागून. बरीचशी दुय्यम मुळं गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात आकार घेतात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, म्हणजे करडू दुधावर असताना, पूर्ण कामाला लागतात. त्यानंतर नवीन मूळ नाही. ठाणेकरांना समजेल अशा भाषेत: इमारतीचा नकाशा पास होऊन पाया भरला की मजले तितकेच. नंतर कितीही रंग काढा.

म्हणजे जनुकांनी समजा शंभर मुळांची परवानगी दिली आहे. आई शेवटचे दोन महिने अर्धपोटी राहिली तर त्यातली ऐंशीच उभी राहतील. (हे आकडे समजावण्यापुरते.) ती वीस मुळं त्या करडाला जन्मभर मिळत नाहीत, पुढे त्याला कितीही चारा घाला.

आता हे चांगथांगच्या पंचांगात बसवून बघा. चौदा हजार फुटांवरचं पठार, हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांच्या खाली. करडं जन्मतात हिवाळा सरता-सरता, वसंताच्या तोंडावर. गाभणपणाचा शेवटचा आणि सर्वांत नाजूक काळ म्हणजे नेमका कुरणात काडी नसण्याचा काळ. चांगपा पशुपालक कळप घेऊन फिरतात ते उरलासुरला चारा गाठायला. २०१३ च्या हिवाळ्यात तिथे बर्फ इतकं पडलं की चारा गाडला गेला आणि हजारो करडं मेली. मेलेली करडं बातमीत आली. जी जगली त्यांच्या कातडीत किती मुळं कमी राहिली, हे कोणत्या बातमीत येणार?

पश्मिन्यासाठी कुठे पैसा घालावा असं मला कुणी विचारलं (कुणी विचारत नाही), तर मी सांगेन: जानेवारी-फेब्रुवारीत गाभण शेळीपुढे पडणारी लसूणघासाची पेंढी. प्रयोगशाळेतल्या नव्या यंत्राआधी ती.

'थंडीमुळेच लोकर येते ना?'

हा तो हाताचा प्रश्न. सोऱ्याचा दांडा फिरवतं कोण? बहुतेक जण म्हणतील, थंडी. बरोबर उत्तर आहे, दिवसाची लांबी.

उन्हाळ्यात सर्वांत मोठा दिवस उलटून दिवस लहान होऊ लागले की दुय्यम मुळं जागी होतात. रात्र लांबते तसं मेंदूतून मेलाटोनिन नावाचं संप्रेरक जास्त वेळ पाझरतं. शेळीचं शरीर त्यावरून ऋतू ओळखतं. लव वाढत राहते ती साधारण डिसेंबरच्या अखेरीपर्यंत. मग मुळं झोपी जातात. वसंतात दिवस मोठे होऊ लागले की प्रोलॅक्टिन हे दुसरं संप्रेरक वाढतं आणि जुनी लव सुटून येऊ लागते. मे-जूनमध्ये चांगपा लोक तीच विंचरून घेतात.

बघा, थंडी शिगेला पोहोचते तेव्हा लव वाढायची थांबलेली असते. शेळी थंडी वाजल्यावर स्वेटर विणत नाही. ती जुलैतच सुया काढून बसते.

याचा भक्कम पुरावा म्हणजे चीनच्या अंतर्मंगोलियात वापरलेली एक युक्ती. उन्हाळ्यात शेळ्यांना दिवसाचे बरेच तास अंधाऱ्या शेडमध्ये ठेवतात. बाहेर उकाडा, पण शेळीच्या मेंदूला वाटतं हिवाळा आला. लव आधीच वाढू लागते आणि एकूण वजन जास्त भरतं. थंडीचा त्यात काही संबंध नाही.

ठाण्यात काय होईल? लेहमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात सुमारे साडेचार तासांचा फरक. ठाण्यात तो जेमतेम सव्वादोन तासांचा. इथे हात फिरेल, पण ढिला. शिवाय शेळीला जुलैच्या दमट हवेत ती गोधडी पेलवणार नाही. जंत, खुरांचे आजार आणि कातडीची बुरशी आधी गाठतील. चांगथांगीचं शरीर विरळ, कोरड्या हवेसाठी घडलंय. तिबेटी पठारावरच्या लोकरी शेळ्यांत ईपीएएस१ या जनुकाचा एक खास प्रकार सापडतो, विरळ प्राणवायूत तगायला मदत करणारा. तिबेटी माणसांतही याच जनुकाचा वेगळा प्रकार आहे. येऊरच्या टेकडीवर त्या हत्याराचा काडीचा उपयोग नाही.

मग थंडी अगदीच बिनकामाची का? नाही. थंडी हात फिरवत नाही, पण चाळणी लावते. हजारो हिवाळ्यांत ज्यांची गोधडी पातळ होती त्या शेळ्या मेल्या, ज्यांची दाट होती त्यांचं बी उरलं. थंडीने चकती घडवली. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या रानटी झालेल्या शेळ्यांच्या अंगावरही बारीक लव असल्याचं लक्षात आलं आणि तिथे त्यावर धंदा उभा राहिला. चकती होती, तर उबदार देशातही शेव पडली. आपल्या उस्मानाबादी शेळीकडे ती चकती नाही. ती पिढ्यानपिढ्या उन्हात, मटण आणि दुधासाठी निवडली गेली, आणि त्या कामात ती फार चांगली आहे.

'मग जनुकच बदला!'

आता कात्रणाकडे येऊ. त्याच काश्मीरच्या विद्यापीठाने २०१२ च्या मार्चमध्ये 'नूरी' जन्माला घातली होती, पश्मिना शेळीचा जगातला पहिला क्लोन. क्लोन म्हणजे चकतीची हुबेहूब नक्कल. पण नक्कल ही नक्कलच. मूळ शेळीपेक्षा सरस काही त्यात येत नाही. उत्तम शेळीच्या शंभर प्रती काढल्या तरी प्रत्येकीला पीठ लागणार आणि प्रत्येकीचा गर्भ कुणाच्या तरी पोटात वाढणार.

जनुक-संपादन त्याच्या पुढचं. तिथे चकतीचं एखादं भोक नेमकं कोरता येतं. चीनमधल्या संशोधकांनी शेळीतल्या एफजीएफ५ या जनुकावर हे करून बघितलं आहे. हे जनुक केसवाढीला लावलेला ब्रेक आहे. 'पुरे, आता थांब' असं मुळाला सांगतं. लांब केसांच्या कुत्र्या-मांजरांत निसर्गतःच हा ब्रेक बिघडलेला असतो. तलावपाळीवर संध्याकाळी फिरायला येणारी ती झुपकेदार पर्शियन मांजर, तिची ऐट या बिघाडातून आलेली. शेळीत तो ब्रेक काढला तर लव लांब वाढली. लांब तंतू कातायला सोपा, आणि त्याच्या कापडावर गोळे कमी येतात. म्हणजे ही खरोखर उपयोगाची दिशा आहे, हे मी अण्णांना मान्य केलं.

पण जाडीचं तसं नाही. जाडी एका बटणावर चालत नाही. केराटिन, त्याच्याशी जोडलेली प्रथिनं, मुळांची दाटी, संप्रेरकांना मिळणारा प्रतिसाद, अशी कितीतरी जनुकं थोडा थोडा वाटा उचलतात. एक दाबलं की दुसरीकडे काही हलतं. मांसाच्या मेंढीत मायोस्टॅटिन नावाचा एकच मोठा ब्रेक होता, म्हणून ते जमलं. बारीकपणासाठी तसा एकच स्क्रू अजून हाती लागलेला नाही.

"म्हणजे एका स्क्रूवर नाही, सगळ्या मशीनवर काम आहे," अण्णा म्हणाले. मी वर्गात हे अर्धा तास शिकवते.

'एवढी बारीक, तर टिकणार कशी?'

नीट कातलेली टिकते, पिढ्यानपिढ्या टिकते. गोळे येतात ते आखूड तंतूंमुळे, त्यांची टोकं सुतातून निसटतात. यंत्रमागाचा झटका हे सूत सोसत नाही, म्हणून काही जण त्यात नायलॉन मिसळून विणतात आणि मागाहून आम्लाने नायलॉन विरघळवतात. त्यात तंतूलाही मार बसतो. अशी शाल लवकर विरते आणि नाव पश्मिन्याचं खराब होतं.

'शेळ्यांचे हाल होतात का?'

लव एरवीही गळणारच असते. ती वेळेवर, हलक्या हाताने विंचरली तर फारसा त्रास नाही. घाईत, लव सुटण्याआधी ओढली तर दुखतं. मोठा प्रश्न मला कुरणाचा वाटतो. मंगोलियात १९९० नंतर कळप खासगी झाले, कॅशमियरला मागणी आली आणि शेळ्यांची संख्या कैक पटींनी वाढली. कुरणं बोडकी होत गेली. पीठच संपत आलं तर चकती कितीही जातिवंत असून काय?

मग स्वस्त 'पश्मिना' कशाचा असतो?

बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक, व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा), किंवा मेंढीची बारीक लोकर. अंगठीतून शाल आरपार नेऊन दाखवणाऱ्या विक्रेत्याला मनातल्या मनात टाळ्या द्या आणि पुढे व्हा. पातळ व्हिस्कोजही अंगठीतून सुळकन जातो. गॅसवरची परीक्षा त्यातल्या त्यात बरी. अ‍ॅक्रिलिकचा मणी होतो, व्हिस्कोज कागदासारखा जळतो, प्राणिज तंतूला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पण मेंढी आणि शेळी यांतला फरक तिने कळत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागतो: तंतूवर माशासारखे खवले असतात, मेंढीचे दाट आणि जाड कडांचे, पश्मचे पातळ आणि विरळ. भारतीय मानक ब्युरोने २०१९ साली पश्मिना ओळखण्याचं मानक काढलंय, आणि काश्मिरी पश्मिन्याच्या पाठोपाठ २०२३ साली लडाखच्या पश्मिन्यालाही भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनाचं लेबल असेल तर ते तपासून घ्या.

सगळ्यांत सोपी परीक्षा मात्र हिशेबाची. तीन शेळ्या, त्यांचं वर्षभराचं खाणं, विंचरणं, राठ केस वेचणं, चरख्यावर कातणं, हातमागावर विणणं, श्रीनगरहून ठाण्यापर्यंतचा प्रवास आणि दुकानदाराचा नफा, हे सगळं आठशे रुपयांत बसवून दाखवा.

अण्णांनी कागदावर खरंच बसवून बघितलं. तीन शेळ्यांच्या चाऱ्यालाच थांबले. नणंदेने आणलेलं पश्म त्यांनी आता एका काचेच्या बरणीत भरून मायक्रोमीटरशेजारी ठेवलं आहे, आणि येईल त्याला दाखवतात. सत्काराची शाल मात्र रोज पहाटे तलावपाळीवर जाताना त्यांच्या खांद्यावर असते. मी विचारलं तर म्हणाले, "ही वॉशिंग मशीनमध्ये टाकता येते."